बगळा ओळखायचा तर आधी त्याला जेवताना बघा

भिगवणला होडीत बसलेल्या दहा माणसांपैकी नऊ जणांची नजर लांबवर रोहित पक्ष्यांचा गुलाबी पट्टा शोधत असते. होडीपासून पंधरा-वीस हातांवर चिखलात उभा असलेला वंचक, हा छोटा मातकट बगळा, त्यांना दिसतसुद्धा नाही. कुणी बोट दाखवलंच तर उत्तर येतं, "तो होय, बगळा आहे." आणि विषय संपतो.

मला मात्र पक्षी बघायला शिकवलं ते बगळ्यांनीच. नवख्या माणसाला याच्याइतका चांगला गुरू नाही. तो बाराही महिने भेटतो, गावच्या तळ्यावर भेटतो, शहरातल्या नाल्यावरही भेटतो, आणि मुख्य म्हणजे एका जागी उभा राहतो. अडचण एकच. पुस्तक उघडलं की पाच पांढरे आणि चार-पाच राखाडी-तपकिरी पक्षी एका पानावर दिसतात आणि डोकं गरगरतं. त्यातून सुटायचा माझा मार्ग सरळ आहे. रंग बाजूला ठेवा आणि तो खातो कसा ते बघा. प्रत्येक जातीच्या बगळ्याची पोट भरायची तऱ्हा वेगळी आहे. ती एकदा डोळ्यांत बसली की चोचीचा रंग दिसायच्या आत नाव ओठांवर येतं.

निघण्याआधी

८×४२ ची (आठपट मोठं दाखवणारी) दुर्बीण, एक छोटी वही, पेन्सिल (शाईचं अक्षर दवात फुटतं), टोपी आणि मातकट रंगाचे कपडे. कॅमेरा असला तर पहिले चार-पाच दिवस घरी ठेवा. फोटो काढणारा माणूस एका बगळ्याचे तीस फोटो काढून पुढच्याकडे सरकतो, आणि आपल्याला तर एकाच बगळ्यापुढे अर्धा तास थांबायचं आहे.

जागेसाठी लांब जायची गरज नाही. पुण्याजवळ लोणी काळभोरच्या अलीकडे कवडीपाटला मुळा-मुठेवरचा जुना बंधारा आहे. पाणी घाण आहे, प्लास्टिक अडकलेलं असतं, वास येतो. पण बंधाऱ्यावरून पडणाऱ्या पाण्यात बगळे इतक्या जवळून दिसतात की दुर्बीण खाली ठेवावी लागते. सोलापूर रस्त्याने साधारण शंभर किलोमीटरवर उजनी धरणाच्या फुगवट्याचं पाणी आहे. भिगवण, डिकसळ, कुंभारगाव ही त्याच्या काठची गावं. नाशिककडच्या लोकांना निफाड तालुक्यातलं नांदूर मध्यमेश्वर आहे, महाराष्ट्रातून रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळांच्या यादीत, गेलेलं पहिलं पाणथळ. मुंबईकरांना ठाण्याची खाडी, गोव्यात करमळीचं तळं. यातलं काहीच जवळ नसेल तर गावचा पाझर तलाव चालेल.

महिने निवडताना पाण्याची पातळी बघा. दिवाळीच्या सुमारास धरणं तुडुंब असतात, काठाला उथळ पाणी कमी असतं आणि बगळे विखुरलेले असतात. पाणी ओसरू लागलं, डबकी तुटून वेगळी झाली, की त्यात मासे कोंडतात आणि बगळ्यांची पंगत बसते. मार्च-एप्रिलमधलं आटत चाललेलं डबकं हा शिकायचा सगळ्यात उत्तम वर्ग आहे. सूर्योदयाला तिथे पोचलेलं असावं. दहानंतर बहुतेक बगळे पोट भरून मान खांद्यांत घालून बसतात.

पहिली पायरी: बगळाच आहे ना?

लांब पाय, लांब मान, लांब चोच एवढ्यावरून बगळा म्हणू नका. चमचा, चित्रबलाक, उघड्या चोचीचा करकोचा, शराटी हे सगळे त्याच पाण्यात असतात. उडाल्यावर बघा. बगळा मान दुमडून छातीशी घेतो आणि उडतो. करकोचे, चमचे, शराटी मान पुढे ताणून उडतात. ही खूण सहसा चुकत नाही.

बगळ्याच्या मानेतला सहावा मणका इतरांपेक्षा लांब असतो, म्हणून मान मध्येच मोडल्यासारखी दिसते. ती मोड म्हणजे ताणून धरलेली गलोल समजा. सगळी शिकार तिच्या जोरावर चालते.

दुसरी पायरी: पाय किती बुडालेत?

बगळा दिसला की चोचीकडे जायच्या आधी पाय बघा. पाणी कुठपर्यंत आलंय? पायाच्या मधोमध मागे वाकणारा जो सांधा दिसतो तो गुडघा नव्हे, घोटा आहे. गुडघा वर पिसांत लपलेला असतो. घोट्याच्याही वर पाणी आलेलं आणि पक्षी निवांत उभा असेल, तर तो राखी बगळा किंवा मोठा बगळा असण्याची शक्यता दाट. त्यांची उंची जवळपास एक मीटर, त्यामुळे खोल पाणी त्यांना परवडतं. घोट्याखालचं पाणी हा छोट्या बगळ्याचा इलाका. पायाखाली पाणीच नाही, नुसतं गवत आहे, तर गायबगळा. आणि पाणी-जमिनीच्या नेमक्या शिवेवर, दगडाला दगडासारखा चिकटलेला, तो वंचक.

एकाच तळ्यावर पाच-सहा जाती भांडण न करता जेवतात, त्याचं मोठं कारण हेच. ज्याचे पाय जेवढे, त्याचं ताट तेवढं खोल.

तिसरी पायरी: चाल बघा

आता एकच पक्षी निवडा आणि घड्याळ लावून दहा मिनिटं त्याच्यावरून नजर काढू नका. पहिल्या दोन मिनिटांत कंटाळा येतो. तिसऱ्या मिनिटाला तो काय करतोय ते दिसायला लागतं.

पांढऱ्यांपासून सुरुवात करू, कारण गोंधळ तिथेच होतो.

छोटा बगळा हा घाईचा प्राणी. तो धावतो, वळतो, पंख अर्धे उघडून तोल सावरतो, पुन्हा धावतो. पण त्याचं खरं कौशल्य पायात आहे. चोच काळी, पाय काळे आणि पंजे मात्र पिवळे, जणू मोजे घातलेत. तो एक पाय पुढे टाकतो आणि पंजा चिखलात भराभर थरथरवतो. मी पहिल्यांदा हे कवडीपाटला पाहिलं तेव्हा मला वाटलं, पायात काहीतरी अडकलंय आणि तो झटकतोय. मग लक्षात आलं की थरथर थांबते त्याच क्षणी चोच खाली जाते. पंजाच्या हालचालीने चिखलात दडलेला झिंगा किंवा बारका मासा बाहेर उसळतो आणि सापडतो. हे बघायला मिळालं तर तेवढ्यासाठी केलेला प्रवास वसूल झाला असं समजा. पाणकावळ्यांचा थवा मासे हाकत काठाकडे आला की छोटे बगळे कडेने धावत त्यांच्याबरोबर चालतात, तेही बघण्यासारखं आहे.

मोठा बगळा याच्या अगदी उलट. एक पाऊल, मग थांबणं. पाय पाण्यातून इतका सावकाश उचलतो की तरंग उठत नाही. मान अंगापेक्षा लांब, कधी पुढे तिरकी काढून धरलेली. पाच मिनिटांत एखादाच मारा, पण निघतो तो चांगला तळहाताएवढा मासा.

मध्यम बगळा नावाप्रमाणेच मधला, आणि नवख्यांची सगळ्यात जास्त फसगत इथे होते. तोही सावकाश चालतो, पण त्याला उथळ पाणी आणि ओलं गवत जास्त आवडतं. मासे खातोच, शिवाय बेडूक आणि किडेही. मोठा की मध्यम असा प्रश्न पडला तर चोचीच्या फटीची रेघ बघा. मोठ्या बगळ्यात ती डोळ्याच्या मागेपर्यंत जाते, मध्यम बगळ्यात डोळ्याखालीच संपते. चोचीच्या पिवळ्या रंगावर भरवसा ठेवू नका. विणीच्या दिवसांत दोघांचीही चोच काळी पडते. ही एक गोष्ट मला कुणी सुरुवातीलाच सांगितली असती तर माझ्या जुन्या वहीतल्या पावसाळ्याच्या अर्ध्या नोंदी खोडाव्या लागल्या नसत्या.

आता न दिसणारा पक्षी. वंचक, काही भागांत याला ढोकरी म्हणतात. पाठ मातकट, मानेवर तपकिरी रेघोट्या, मान खांद्यांत रुतवलेली. चार फुटांवरून माणूस जातो तरी तो हलत नाही. अगदीच जवळ गेलात की भर्रकन उडतो आणि पांढऱ्याशुभ्र पंखांचा एकदम झळाळ होतो. मातीच्या ढेकळातून पांढरा पक्षी निघाला असं वाटतं. 'वंचक' म्हणजे फसवणारा. ज्याने हे नाव ठेवलं त्याने पक्षी नीट पाहिला होता.

त्याची शिकार म्हणजे बसून राहणं. चोच पाण्याशी तिरपी, नजर खाली, आणि दहा-दहा मिनिटं काही नाही. बकध्यान लावणं हा शब्दप्रयोग आपण ढोंगासाठी वापरतो. वंचकासमोर बसल्यावर मला तो अन्यायाचा वाटू लागला. हे ढोंग नाही, ही मेहनत आहे. मासा, बेडूक, बेडूकमासे, खेकडा, चतुर, जे टप्प्यात येईल ते तो घेतो. जलपर्णीच्या गालिच्यावर उभं राहून कडेच्या पाण्यावर नजर ठेवणं ही त्याची आवडती जागा.

राखी बगळ्याला ओळखायला त्रास नाही. मोठा, करडा, डोळ्यावरून मागे जाणारी काळी पट्टी. उघड्या पाण्यात एकटा उभा राहतो आणि माशांशिवाय बेडूक, पाणसाप, उंदीर, कधी पाणपक्ष्यांची पिल्लंही गिळतो. जांभळा बगळा त्याचाच भाऊबंद, पण स्वभावाने लाजरा. तो पाणकणसात शिरून राहतो. तांबूस मानेवर काळ्या उभ्या रेघा असल्यामुळे वाळक्या पात्यांत तो मिसळून जातो, आणि लांब बोटांमुळे तरंगत्या वनस्पतींवर पाय न रुतता चालतो. त्याला शोधायचं तर पाणकणसाच्या कडेला दुर्बीण फिरवत बसू नका. एका जागी थांबा आणि पात्यांतून मान वर येण्याची वाट बघा.

खाडीवर आणि कोकणच्या खडकाळ किनाऱ्यावर आणखी दोघे भेटतात. समुद्र बगळा काळसर राखाडी रंगात आणि पांढऱ्या रंगातही असतो. जात एकच, रूपं दोन. ओहोटीला खडकांतल्या डबक्यांवर तो पंख पसरत धावपळ करताना दिसला तर त्याला छोटा बगळा म्हणून सोडून देऊ नका. तिवरांच्या मुळांत दबा धरून बसणारा बुटका हिरवा बगळा हा दुसरा. या जातीचे पक्षी जगात काही ठिकाणी पाण्यावर किडा किंवा पीस टाकून, त्या आमिषाला आलेला मासा पकडताना पाहिले गेले आहेत. मी आपल्याकडे हे अजून पाहिलेलं नाही. तिवरांपाशी गेलो की वाट मात्र बघतो.

चौथी पायरी: मारा आणि घास

इथे घाई नको. मारा होण्याआधी बगळा मान किंचित बाजूला झुलवतो, शरीर जागचं हलत नाही, फक्त डोकं. पाण्यात मासा दिसतो तिथे तो नसतो. प्रकाश वाकल्यामुळे तो असतो त्यापेक्षा वर दिसतो. आपण काठी पाण्यात घातली की मोडलेली दिसते, तोच प्रकार. बगळा हा फरक हिशेबात धरून मारतो. सगळेच मारे लागत नाहीत, म्हणून मोजत राहा.

चोच भाल्यासारखी आहे, त्यामुळे तो भोसकत असेल असं वाटतं. बहुतेक वेळा तो चिमट्यासारखी पकड घेतो. पकडल्यानंतरचा भाग खरा बघायचा असतो. उजनीच्या काठावर पाहिलेला एक प्रसंग सांगतो. राखी बगळ्याने मोठी चिलापी धरली, आडवी. चिलापीच्या पाठीवर काट्यांची ताठ झालर असते, तशीच गिळली तर घशात अडकेल. बगळा ती घेऊन चार पावलं मागे, कोरड्या चिखलावर आला. मासा खाली टाकला, पुन्हा उचलला, पुन्हा टाकला. दोनदा चोचीत फिरवला. शेवटी डोकं घशाच्या दिशेने आलं, तेव्हा मान वर करून एक झटका दिला. डोक्याकडून गेल्यामुळे काटे मागे दुमडले. मानेत गाठ दिसली आणि ती हळूहळू खाली सरकत गेली. मग त्याने पाण्यात चोच बुडवून दोन घोट पाणी घेतलं. सगळं मिळून सात-आठ मिनिटं लागली. माझ्याबरोबरचा होडीवाला म्हणाला, "आमी चिलापी धरतो तवा आमाला बी काटा लागतो, ह्याला कसा लागंल? ह्यानं हजार खाल्ल्यात." या काठचे मासेमारी करणारे लोक बगळे रोज बघतात. त्यांना विचारत चला. कुठल्या डबक्यात मासा कोंडलाय हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नसतं.

शेतातला बगळा

गायबगळ्यासाठी तळं नकोच. म्हशींच्या पायांत घुटमळणारा, आखूड पिवळी चोच आणि फुगीर हनुवटीचा हा बगळा मुख्यतः किड्यांवर जगतो. जनावर चाललं की गवतातले नाकतोडे उडतात, तो ते टिपतो. एकट्याने हिंडण्यापेक्षा कमी चालण्यात जास्त मिळतं. अंगावरच्या गोचिड्या काढून खातो असं सगळे म्हणतात, पण त्याचं लक्ष मुख्यतः पायाखालच्या गवताकडे असतं. जनावरं कमी झाली तशी त्याने ट्रॅक्टर धरला. रोटाव्हेटर मारताना मागे पांढरी रांग लागते ती यांचीच.

त्याहून सुंदर दृश्य दारं धरताना, म्हणजे पिकाला पाणी देताना दिसतं. पाणी वाफ्यात शिरतं तसं भेगांतून किडे, गोगलगायी, रातकिडे वर निघतात आणि पाण्याच्या पुढच्या कडेबरोबर गायबगळे पावलापावलाने सरकत राहतात. एखादा वंचकही त्या रांगेत येऊन उभा राहतो. शेतकऱ्याच्या घरच्या नवख्याने बगळा शिकायला धरणावर जायची गरजच नाही, बांधावर बसावं.

वहीत काय लिहायचं

नाव शेवटी लिहा. आधी वेळ, पाणी कुठपर्यंत, दहा मिनिटांत पावलं किती, मारे किती, लागले किती, काय मिळालं. माझ्या वहीतली एक नोंद अशी आहे: "सकाळी ७.१०, बंधाऱ्याखाली. पाणी घोट्याखाली. पावलं मोजता आली नाहीत, सारखा धावतोय. मारे २३, लागले ९, सगळे बारीक. पाय थरथरवतो. छोटा." त्याखालची: "७.३०, तीच जागा, दगडावर. पावलं ४. मारे २, लागला १, बेडूक. वंचक." या दोन ओळी शेजारी ठेवल्या की फरक सांगावा लागत नाही. वीस-पंचवीस नोंदी झाल्या की लांबून, उन्हाविरुद्ध, नुसती सावली दिसली तरी तुम्ही चालीवरून नाव सांगाल.

पावसाळ्यात पुन्हा नवख्यासारखे व्हा

जूनच्या आसपास सगळे कपडे बदलतात. गायबगळ्याचं डोकं, मान आणि पाठ केशरी होते. वंचकाच्या पाठीवर गडद तपकिरी-लाल शाल येते आणि तो ओळखू येईनासा होतो. छोट्या बगळ्याच्या डोक्यामागे दोन लांब पिसं लोंबतात. मोठ्याच्या पाठीवर झालर येते, डोक्यावर मात्र काही नसतं. या पिसांपायी विलायती टोप्यांच्या व्यापाराने एकेकाळी जगभर बगळ्यांची कत्तल केली होती.

चिंच, वड, पिंपळ, बाभळीवर अनेक जातींच्या बगळ्यांची सामाईक वसाहत बसते. अरण्यलेखक मारुती चितमपल्लींनी तिला दिलेला 'सारंगागार' हा शब्द मला फार आवडतो. तिथे खाण्याचा दुसरा अंक दिसतो. आई-बाप पोटातून आणलेलं घरट्यात ओकतात, आणि जरा मोठी झालेली पिल्लं त्यांची चोचच आडवी धरून खाली ओढतात. झाडाखाली घाण होते, वास येतो, आणि मग कुणीतरी कुऱ्हाड घेऊन येतं. आमच्या भागात ऐन पिल्लांच्या दिवसांत एका झाडाच्या फांद्या उतरवल्या गेल्या. खाली पडलेली पिल्लं मी माझ्या हातांनी उचलली आहेत. तुमच्या गावात असं झाड असेल तर फांद्या तोडणाऱ्यांना एवढंच सांगा: दसऱ्यापर्यंत थांबा. तोवर बहुतेक पिल्लं उडून गेलेली असतात.

आणि अंतर. बगळा मान ताठ करून तुमच्याकडे बघू लागला, म्हणजे तुम्ही जास्त जवळ आलात. दोन पावलं मागे या. होडीवाल्याला "जरा उडव की" असं कधीही म्हणू नका. घाबरलेला बगळा पोटातलं ओकून टाकून उडतो, आणि त्याची सकाळभराची कमाई पाण्यात जाते.

संध्याकाळी पंधरा मिनिटं जास्त थांबा

सूर्य बुडाला की पांढऱ्या बगळ्यांच्या माळा झाडांकडे निघतात आणि लोकही दुर्बिणी पिशवीत घालतात. तुम्ही थांबा. उजेड दगडाच्या रंगाचा झाला की काठच्या दाट झाडातून "क्वॉक" असा एकच घोगरा आवाज येतो. रातबगळा. जाडजूड, काळ्या टोपीचा, लाल डोळ्यांचा. दिवसभर पानांत झोपलेला असतो. तो एक फेरी घालतो आणि सकाळी वंचक ज्या दगडावर बसला होता, बरेचदा नेमका त्याच दगडावर येऊन उतरतो. मान आत घेतो. आणि पाण्याकडे बघत बसतो.